फवारणी झाली तरी आठवड्यात गोमाशी परत: मोजणी, सापळा आणि नमुना यांत कुठे चुकते

पोळ्यापासून दिवाळीपर्यंत नागपूर जिल्ह्यातल्या हिंगणा, कळमेश्वर, कामठी, उमरेड या पट्ट्यातल्या दुधाच्या गोठ्यांत एकच तक्रार असते. औषध मारले की दोन दिवस बरे जातात. आठव्या दिवशी जनावरे पुन्हा पाय आपटू लागतात, धार काढताना बादली लाथाडतात, भर दुपारी चारा सोडून एकमेकांना चिकटून कोपऱ्यात गोळा होतात. मग औषध बदलते, मात्रा वाढते, सापळे येतात. कोणी माश्या डबीत भरून तपासणीलाही पाठवते. पुढच्या महिन्यात तक्रार जशीच्या तशी.

दोष बहुतेक वेळा औषधात नसतो. पायावरची मोजणी सांगते की जनावराला आज किती त्रास आहे. सापळा सांगतो की माश्या गेल्या आठवड्यापेक्षा वाढल्या की घटल्या. प्रयोगशाळेचा अहवाल सांगतो की त्या माशीच्या अंगात काय होते. हे तीन वेगळे प्रश्न आहेत. एकाचे उत्तर दुसऱ्याच्या जागी बसवले की पैसाही जातो आणि माशीही राहते.

गोमाशी नेमकी कोणती?

आपल्याकडे गोठ्यात चावणाऱ्या सगळ्याच माश्यांना गोमाशी म्हणतात. इथेच पहिली चूक होते, कारण एकाच नावाखाली निदान तीन-चार वेगळ्या माश्या असतात आणि प्रत्येकीचे घर वेगळे असते.

स्टोमॉक्सिस कॅल्सिट्रान्स ही दिसायला घरमाशीसारखीच, ५ ते ७ मिलिमीटरची, राखाडी. फरक सोंडेत आहे. घरमाशीची सोंड मऊ, खाली लोंबणारी आणि टोकाला स्पंजासारखी असते. स्टोमॉक्सिसची सोंड काळी, कडक, डोक्याच्या पुढे सुईसारखी सरळ निघालेली असते. भिंतीवर बसते तेव्हा तिचे डोके बहुधा वर असते. पोटाच्या पाठीवर बुद्धिबळाच्या पटासारखे काळे ठिपके दिसतात. नर आणि मादी दोन्ही रक्त पितात, मुख्यतः पुढच्या पायांवर, गुडघ्याच्या खाली. दिवसातून एकदा-दोनदा, काही मिनिटांसाठीच ती अंगावर येते. बाकी वेळ भिंत, कुंपण, झुडूप.

हिमॅटोबिया तिच्या जवळपास निम्म्या आकाराची. ही दिवसरात्र जनावराच्या अंगावरच राहते, खांद्यावर, पाठीवर किंवा पोटाखाली थव्याने, आणि बहुतेकदा डोके खाली करून बसते. मादी फक्त अंडी घालायला उतरते, तेही नुकत्याच पडलेल्या ताज्या शेणावर. म्हशींवर ही जास्त दिसते.

टॅबॅनस म्हणजे मोठी, १० ते २५ मिलिमीटरची, मोठ्या डोळ्यांची माशी. हिची फक्त मादी चावते. चाव्यातून रक्ताचा थेंब ओघळतो आणि जनावर उसळते. तिच्या अळ्या गोठ्यात नसतातच. त्या नाल्याच्या, तळ्याच्या काठच्या ओल्या चिखलात वाढतात. रामटेक-मौद्याकडे धानाच्या बांध्या आणि जुने मालगुजारी तलाव आहेत, तिथे उकिरडा कितीही साफ केला तरी टॅबॅनस कमी होत नाही, आणि यात पशुपालकाचा काही दोष नाही.

चौथी हिप्पोबोस्का: चपटी, चामड्यासारखी चिवट, बोटाने चिरडली तरी न मरणारी, शेपटीखाली आणि मांडीच्या आत केसांत तिरपी पळणारी. बघताच ओळखू येते.

दहा रुपयांच्या नाण्याएवढे भिंग, १० पट मोठे दाखवणारे, खिशात ठेवले की ओळखीचे काम एका मिनिटात होते. फक्त मुस्का क्रासिरोस्ट्रिस या माशीने फसगत होऊ शकते. ती घरमाशीच्या कुळातली, सोंड आखूड आणि जाड, पण टोकाच्या दातांनी कातडी खरवडून रक्त चाटते. सोंड सुईसारखी नाही म्हणून तिला निरुपद्रवी समजू नका.

गुळाचा सापळा भरतो, तरी पाय आपटणे थांबत नाही

गूळ, ताक, सडके फळ किंवा दाणेदार विषारी आमिष घरमाशीला खेचते. स्टोमॉक्सिस आणि हिमॅटोबियाला रक्त हवे असते, त्या या आमिषाकडे फारशा फिरकत नाहीत. बाटली काठोकाठ भरली याचा अर्थ इतकाच, की घरमाश्या भरपूर आहेत. निळ्या दिव्याच्या विजेच्या जाळीचेही तेच. दिवसा चावणाऱ्या माशीवर तिचा उपयोग तुटपुंजा. शिवाय माशी जाळीवर फुटते तेव्हा तिच्या अंगातले जंतू आजूबाजूला उडतात, म्हणून धार काढण्याच्या जागेवर किंवा दुधाच्या कॅनवर ती कधीही टांगू नये.

कृषी केंद्रातून कापसासाठी किंवा संत्र्याच्या बागेसाठी आणलेले पिवळे चिकट सापळेही गोठ्यात टांगलेले दिसतात. पिवळा रंग पांढऱ्या माशीसाठी आणि माव्यासाठी आहे. स्टोमॉक्सिसला पांढरा आणि निळा जास्त खेचतो.

मोजणीचा आकडा रोज वेगळाच येतो

मोजणी साधी आहे, पण शिस्त सुटली की आकड्याला अर्थ उरत नाही. १५ जनावरे निवडा. तेवढी नसतील तर सगळी घ्या. प्रत्येक जनावराच्या एका पुढच्या पायाची बाहेरची बाजू आणि दुसऱ्या पुढच्या पायाची आतली बाजू पाहा. दोन्ही मिळून एका पायाएवढी मोजणी होते. साधारण ३ मीटरवर थांबा, तुमची सावली जनावरावर पडू देऊ नका, आणि एका नजरेत जेवढ्या दिसतील तेवढ्याच लिहा. जास्त वेळ टक लावून बसलात तर उडून परत बसलेली माशी दोनदा मोजली जाते.

समजा १५ गाईंची बेरीज ९६ आली. सरासरी ६.४. प्रति पुढचा पाय सरासरी ५ माश्या ही स्टोमॉक्सिससाठी जगभर वापरली जाणारी मर्यादा आहे. त्यावर गेले की वजनात आणि दुधात नुकसान धरले जाते. हिमॅटोबियासाठी प्रति जनावर २०० हा आकडा सांगितला जातो. दोन्ही आकडे प्रामुख्याने अमेरिकेतल्या गुरांवरच्या कामातून आले आहेत. गवळाऊ गाईला किंवा नागपुरी म्हशीला ते जसेच्या तसे लागतील असे धरू नये. इशारा म्हणून ते पुरेसे आहेत. तुमच्या गोठ्यातला या आठवड्याचा आणि गेल्या आठवड्याचा आकडा यांतला फरक त्याहून मोलाचा.

वेळ बदलली की आकडा बदलतो, ही सगळ्यांत नेहमीची चूक. ऑक्टोबरमध्ये सकाळी ९ ते ११ चालते. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४५ अंशांवर गेला की माशी दुपारी सावलीत भिंतीला चिकटून बसते आणि सकाळी लवकर व संध्याकाळी चावते. तेव्हा दुपारी १२ ला मोजून ‘माशी गेली’ असे ठरवू नका. मोजणी दर आठवड्याला त्याच वारी, त्याच वेळी, शक्यतो त्याच माणसाने करावी. वहीत तापमान, वारा आणि आदल्या दिवशी पाऊस झाला का तेही लिहा.

पाय चिखलाने माखलेले असले तर राखाडी माशी दिसत नाही. पाय धुवून अर्धा तास थांबा, मग मोजा. आणि एक उलटे प्रकरण असते: काही जनावरे इतका जोराने पाय आपटतात की माशी टिकतच नाही. पायावर माशी शून्य, पण त्रास सगळ्यांत जास्त. म्हणून माश्यांच्या आकड्याशेजारी दुसरा रकाना ठेवा आणि त्यात २ मिनिटांत किती वेळा पाय आपटला ते लिहा. पाठीवर काळा थर दिसला तर पायाची मोजणी सोडा. ती हिमॅटोबिया आहे. खांदा, पाठ आणि पोट पाहा.

सापळा लावला, पण रिकामा

स्टोमॉक्सिस आणि टॅबॅनससाठी दोन कापडी सापळे चांगले ठरलेत, व्हावुआ आणि एन्झी. दोन्ही आफ्रिकेत तिथल्या त्से-त्से या रक्त पिणाऱ्या माशीच्या कामातून तयार झाले. व्हावुआ हे आयव्हरी कोस्टमधल्या गावाचे नाव, आणि स्वाहिलीत ‘एन्झी’ म्हणजेच माशी. भारतात त्से-त्से नाही, पण निळ्या-काळ्या कापडाकडे आपल्या चावऱ्या माश्याही येतात. एन्झी त्रिकोणी असतो, बाजू सुमारे १ मीटर, समोर निळे कापड, आत काळे, मागे व वर पांढरी मच्छरदाणी, आणि टोकाला प्लॅस्टिकची बाटली. निळ्याकडे माशी येते, काळ्यावर बसते, मग उजेडाकडे वर चढून बाटलीत अडकते.

सापळा रिकामा राहण्याची कारणे ठरलेली आहेत. निळे कापड चकचकीत पॉलिएस्टरचे किंवा फ्लेक्सचे असते. गडद निळे, मॅट, सुती कापड घ्या आणि रंग उडाला की बदला. सापळा शेडच्या आत किंवा झाडाखाली टांगलेला असतो. त्याला ऊन हवे, आणि गोठ्यापासून ५ ते २० मीटरवर, माशी जिथून येते-जाते त्या मोकळ्या वाटेवर जागा हवी. खालची कड जमिनीपासून वीतभरच वर असावी. स्टोमॉक्सिस खालून उडते, डोक्याच्या उंचीवर टांगलेल्या सापळ्यापर्यंत ती पोहोचतच नाही. आजूबाजूचे २-३ मीटर गवत कापा. मुंग्या बाटलीपर्यंत चढून पकडलेल्या माश्या नेतात आणि सकाळी बाटली रिकामी दिसते. खांबाला ग्रीस लावा. कालवड दोरी चावते, म्हणून चार काट्या रोवून कुंपण करा.

एवढा खटाटोप नको असेल तर पाट्या छापायला वापरतात ती पांढरी पन्हाळीदार प्लॅस्टिक शीट, म्हणजे सनपॅक, सुमारे ३० बाय ४५ सेंटिमीटर कापून तिच्यावर चिकट फिल्म लावा. खालची कड जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर, वरचे टोक १ मीटरच्या आत. पावसाच्या उघडिपीत धूळ बसून चिकटपणा दोन दिवसांत जातो, म्हणून फिल्म बदलायच्या तारखा आधीच ठरवा. चिकट पट्टीवरच्या माश्या मोजायला उत्तम, जंतूंच्या तपासणीला निरुपयोगी. त्या वाळतात, गोंदाने माखतात, आणि त्यांच्यातून काही निघाले तरी विश्वास ठेवता येत नाही.

आकडा नेहमी ‘माश्या प्रति सापळा प्रति दिवस’ असा लिहा. २ सापळ्यांत ३ दिवसांत २१० माश्या म्हणजे ३५. पावसाचा दिवस वगळा आणि वगळला असे लिहून ठेवा. दोन जागांची तुलना करायची असेल तर सापळे दर फेरीला आपसात बदला, नाहीतर जागेचा फरक सापळ्याच्या नावावर जमा होतो.

औषध मारले, आठव्या दिवशी माशी परत

वर सांगितले त्याप्रमाणे स्टोमॉक्सिस दिवसातून काही मिनिटेच अंगावर असते. अंगावर मारलेले औषध त्या काही मिनिटांत तिला गाठले तर गाठते. पायावर मारलेले औषध ओल्या गवतात, चिखलात पुसले जाते. म्हैस डबक्यात बसली की तासाभरात सगळेच धुऊन जाते. त्यातच गोठ्याच्या आसपास रोज नवी माशी कोषातून निघत असते. २५ ते ३० अंश तापमानात अंड्यापासून माशी व्हायला साधारण २ ते ३ आठवडे लागतात, आणि पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत नागपुरात हेच तापमान असते. फवारणीने आजची माशी मेली. कोषातल्या माशीला त्याचा पत्ताही नाही.

ही माशी जन्मते कुठे, हे शोधणे हाच इलाज आहे. उकिरड्याच्या मधोमध शोधू नका, तिथली उष्णता अळीला सोसत नाही. ताज्या शेणाच्या पोवातही ती सहसा नसते, ती हिमॅटोबियाची जागा. स्टोमॉक्सिसला लागतो कुजता चारा, त्यात शेण-मूत मिसळलेले, ओले पण पाण्यात न बुडालेले. म्हणजे गव्हाणीच्या मागे पडलेले कुटार. सांडलेला मुरघास. ढेप भिजवायच्या टाक्याभोवतीचा गाळ. वासराच्या खोलीतला पेंढ्याचा थर. पाण्याच्या हौदाची गळती जिथे शेणात मुरते तो पट्टा. बायोगॅसच्या स्लरीच्या खड्ड्याची वाळत चाललेली कड. उकिरड्याची बाहेरची १० ते १५ सेंटिमीटर साल.

नागपूरकडची एक खास जागा वेगळी सांगायला हवी. आंबिया बहाराच्या आणि मृग बहाराच्या तोडीनंतर डागी संत्री, सालपटे आणि रसाचा चोथा जनावरांना घालायला किंवा खतासाठी गोठ्याजवळ ओततात. गोडसर, आंबणारा, ओला ढीग, त्यात शेण मिसळले की स्टोमॉक्सिसला याहून चांगले काही नको. कोस्टारिकात अननसाच्या अवशेषांतून आणि ब्राझीलमध्ये उसाच्या मळीच्या पाण्याने भिजलेल्या पाचटातून हीच माशी एवढी निघते की शेजारच्या गुरांचे हाल होतात. संत्र्याचा चोथा खाऊ घालायचाच असेल तर त्या दिवशी संपेल एवढाच आणा. उरलेला पातळ पसरून वाळवा किंवा प्लॅस्टिकखाली हवाबंद ठेवा.

शंका असलेल्या जागेतून खुरप्याने १ किलोभर माल घ्या आणि बादलीभर पाण्यात सोडून काडीने ढवळा. स्टोमॉक्सिसचे कोष तपकिरी, कॅप्सूलसारखे, ५ ते ६ मिलिमीटरचे असतात आणि पाण्यावर तरंगतात. ते झाकणाला भोके पाडलेल्या बरणीत थोड्या कोरड्या भुशावर ठेवा. आठवड्याभरात जी माशी निघेल तिची सोंड पाहा. कोषातून माशीऐवजी बारीक काळी गांधीलवर्गी कीड निघाली तर आनंद माना. ती कोषांवर जगणारी परजीवी आहे. त्या जागेवर कीटकनाशक ओतून तिला मारू नका. अळी हाती लागली तर तिच्या मागच्या टोकावरचे दोन श्वासरंध्रांचे ठिपके भिंगाखाली पाहा. घरमाशीत ते इंग्रजी डी अक्षरासारखे आणि जवळजवळ असतात. स्टोमॉक्सिसमध्ये ते लहान, त्रिकोणी आणि एकमेकांपासून दूर असतात.

जागा सापडली की तिथला माल दर ७ दिवसांनी उचला. १५ दिवसांनी नाही, कारण तोवर अळी कोषात गेलेली असते. उन्हाच्या दिवसांत ५ सेंटिमीटरहून पातळ थरात पसरा. दोन दिवसांत तो वाळतो आणि अळी मरते. ऑगस्टच्या झडीत काही वाळत नाही, तेव्हा ढीग उंच, तीव्र उताराचा रचा आणि काळ्या प्लॅस्टिकने घट्ट झाका, कडा मातीने दाबा. आत ढीग तापतो आणि कडेची सालही अळीला राहण्याजोगी उरत नाही. वासराच्या खोलीत पेंढ्याऐवजी लाकडाचा भुसा घातला तर अळ्या बऱ्याच कमी होतात.

फरक तिसऱ्या आठवड्यापासून दिसतो. साफसफाई केली आणि पाचव्या दिवशी मोजणी तीच आली म्हणून सोडून देणारे बरेच आहेत. तेव्हा उडत असलेली माशी आधीच जन्मलेली असते, आणि ती दोन-चार आठवडे जगते. तीन-चार आठवड्यांनंतरही आकडा हलला नाही तर शेजारचा गोठा, कोंबडी खताचा ढीग, भाजीबाजाराचा कचरा पाहा. ही माशी काही किलोमीटर सहज उडते.

औषध पूर्ण बंद करा असे म्हणणे नाही. ते दुपारी माशी जिथे विसावते त्या भिंतींवर आणि खांबांवर, व जनावराच्या पायावर आणि पोटाखाली, लेबलवरच्या मात्रेतच मारा. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन या एकाच गटातली औषधे आलटून पालटून वापरणे म्हणजे औषध बदलणे नव्हे. या गटाला न जुमानणाऱ्या स्टोमॉक्सिस अनेक देशांत नोंदल्या गेल्या आहेत. मात्रा दुप्पट केल्याने विषबाधा जनावराला होते. आयव्हरमेक्टिन शेणातून उतरते आणि शेणकिड्यांना मारते, शिवाय दुभत्या जनावरात दुधाचा प्रश्न येतो. हा निर्णय पशुवैद्यकाशिवाय घेऊ नये.

माश्या तपासणीला दिल्या, अहवालाचा अर्थ लागत नाही

नमुना घेण्याआधी प्रश्न ठरवा, कारण प्रत्येक प्रश्नाला वेगळी डबी लागते.

सर्रा (रक्तातल्या परजीवीचा रोग), अनाप्लाझ्मा (रक्तपेशींतला जंतू), लम्पी (अंगावर गाठी आणणारा विषाणूचा रोग) यांचा डीएनए शोधायचा असेल तर माशी फ्रीजरमध्ये मारून ९५ टक्के इथेनॉलमध्ये ठेवा. दुकानातले स्पिरिट किंवा सॅनिटायझर चालत नाही, त्यात पाणी जास्त असते. इथेनॉल माश्यांच्या किमान तिप्पट. निळी जीभ (ब्लूटंग) किंवा तिवा (तीन दिवसांचा ताप) हे आरएनए विषाणूंचे रोग आहेत, त्यांना साध्या फ्रीजचा भरवसा नको. नमुना घेण्याआधीच प्रयोगशाळेला विचारून त्यांचे द्रावण किंवा कोरडा बर्फ मिळवा. स्टॅफिलोकोकस, ई. कोलाय, साल्मोनेला वाढवून पाहायचे असतील तर अल्कोहोल अजिबात नको. माशी जिवंत, निर्जंतुक नळीत एकटी, बर्फावर, त्याच दिवशी प्रयोगशाळेत.

जंतूंसाठी सापळ्याच्या बाटलीतल्या माश्या घेऊ नका. एका बाटलीत शंभर माश्या तासनतास एकमेकींवर ओकतात, हगतात. एकीचे जंतू सगळ्यांवर चढतात. पायावर बसलेल्या माशीवरच नळी उलटी ठेवून ती पकडा. अंगावरचे जंतू आणि पोटातले जंतू वेगळे हवे असतील तर आधी माशी निर्जंतुक द्रावणात हलवून ते पाणी वेगळे ठेवतात, मग माशीचे बाह्यांग निर्जंतुक करून, तीन वेळा धुवून, कुटतात.

डीएनएसाठी १० ते २० माश्यांचा एक गट करा: एकाच जातीच्या, एकाच सापळ्याच्या, एकाच दिवसाच्या. रक्ताने पोट फुगलेल्या माश्या वेगळ्या गटात ठेवा. चिठ्ठी पेन्सिलीने लिहून नळीच्या आत टाका. पेनाची शाई इथेनॉलमध्ये धुऊन जाते आणि नागपूरला पोहोचेपर्यंत कोणती नळी कोणत्या गावची हे कोणालाच कळत नाही. सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यक महाविद्यालयात किंवा जिल्ह्याच्या चिकित्सालयात नमुना नेण्याआधी ते कोणता नमुना, कोणत्या वारी घेतात ते विचारा. शुक्रवारी संध्याकाळी पोहोचलेली जिवंत माशी सोमवारी काही कामाची नसते.

आता आकडा. १० माश्यांचे १२ गट, त्यातले ३ बाधित. ‘२५ टक्के माश्यांत सर्रा’ असे लिहिणे चूक आहे. गटात निदान एक माशी बाधित होती एवढेच आपल्याला ठाऊक आहे. म्हणून किमान दर काढतात: ३ भागिले १२०, गुणिले १०००, म्हणजे हजारी २५.

आणि ज्यावर सगळ्यांत जास्त घोळ होतो ती गोष्ट. माशीत सर्राचा डीएनए सापडला याचा अर्थ माशी आजारी आहे किंवा ती रोग पसरवतेच असा नाही. सर्राचा ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय आपल्या माश्यांच्या शरीरात वाढत नाही. सोंडेवर चिकटलेल्या ताज्या रक्तातून तो काही मिनिटे, फार तर काही तास पुढे जातो. माशी अर्धवट पिऊन उडाली आणि लगेच शेजारच्या जनावराला चावली तरच धोका. म्हणूनच टॅबॅनस इथे घातक: तिचा चावा दुखतो, जनावर झटकते, ती शेजारी जाते. पोट भरलेल्या माशीत मिळालेला डीएनए म्हणजे तिने बाधित जनावराचे रक्त प्यायले याचा पुरावा. ते जनावर तुमचे असेल, शेजाऱ्याचे असेल, गावातले कुत्रेही असेल. सोंड-डोके आणि पोट वेगळे कापून तपासले तर थोडे जास्त कळते. अशा अहवालाचा खरा उपयोग एकच: आता जनावरांचे रक्त तपासा.

रक्त तपासतानाही एक काचपट्टी पुरत नाही. सर्रात परजीवी रक्तात लाटेने येतो, ताप चढलेला असताना दिसतो आणि ताप उतरला की दिसेनासा होतो. अधूनमधून ताप, फिके डोळे, खंगत जाणे, दूध तुटणे अशी लक्षणे असतील आणि पट्टी निरोगी आली तर पुढच्या तापाला पुन्हा घ्या किंवा पीसीआर, म्हणजे परजीवीचा डीएनए शोधणारी चाचणी, मागा. उपचार क्विनापायरामाइन किंवा डायमिनाझीनसारख्या औषधांचा असतो आणि मात्रा वजनावर ठरते, म्हणून तो पशुवैद्यकाच्या हातचा. माशीइतकीच इंजेक्शनची सुईही दोषी असते: सोंडेवर जेवढे रक्त राहते त्याहून कितीतरी जास्त सुईत राहते. लसीकरणाच्या दिवशी प्रत्येक जनावराला नवी सुई वापरा.

सर्राचा परजीवी ग्रिफिथ एव्हान्स या ब्रिटिश पशुवैद्यकाने १८८० मध्ये डेरा इस्माईल खान येथे घोडे आणि उंटांच्या रक्तात शोधला. तो माणसाला होत नाही असेच मानले जाई, पण २००४ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या रक्तात तो आढळला. त्या माणसाच्या रक्तात, इतरांना या परजीवीपासून वाचवणारे एपीओएल-१ हे प्रथिन नव्हते. सुरामिन या औषधाने तो बरा झाला. प्रकार अत्यंत दुर्मीळ आहे, घाबरायचे कारण नाही. पण आजारी जनावराचे रक्त हाताळताना हातमोजे घालायला आणि हातावरची जखम झाकायला काही खर्च येत नाही.

लम्पीबाबत वेगळी घाई लागते. भारतात तो २०१९ मध्ये ओडिशात पहिल्यांदा नोंदला गेला. स्टोमॉक्सिससारख्या माश्या आणि डास त्याचा विषाणू सोंडेवरून नेतात. अंगावर गाठी दिसल्या तर माश्या पकडत बसू नका. जनावर वेगळे करा, पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा १९६२ या पशुवैद्यकीय हेल्पलाइनवर कळवा, आणि तपासणीला गाठीची खपली द्या. माशीपेक्षा तिच्यात विषाणू कितीतरी जास्त असतो. वेगळे करणे म्हणजे त्याच शेडच्या दुसऱ्या टोकाला बांधणे नव्हे. शेजारचे जनावर ४०-५० मीटरवर असले तर अर्धपोटी उडालेली टॅबॅनस बहुधा पहिल्याच जनावराकडे परतते. स्टोमॉक्सिसवर एवढा विश्वास ठेवू नका, तिथे जाळी हवी.

शेळ्या-मेंढ्यांत दिवसा माशी दिसतच नाही

मग ती क्युलिकॉइडीस, आपली चिलटे: १ ते ३ मिलिमीटर, सांज ते पहाट चावणारी, निळ्या जिभेचा विषाणू नेणारी. महाराष्ट्रातून या रोगाची नोंद १९६४ पासून आहे. कापडी सापळ्यात ती येत नाहीत. अतिनील दिव्याचा, पंख्याने ओढून घेणारा सापळा जमिनीपासून दीड-दोन मीटरवर, जनावरांच्या शेजारी, सूर्यास्ताआधी लावून सकाळी काढा. आसपासचा दुसरा दिवा बंद ठेवा, आणि पौर्णिमेच्या आसपासचा कमी आकडा अमावास्येच्या आकड्याशी जोडू नका. साध्या मच्छरदाणीतून ही चिलटे आरपार जातात. वाड्याला जाळी लावायची तर अगदी बारीक विणीची घ्या, आणि आतली हवा कोंडत नाही ना ते दुपारी स्वतः आत उभे राहून पाहा.